कोरियन औषधाचा सल्ला फोनवर घेता येतो, पण पहिली भेट समोरासमोरच हवी

प्रश्न: मी दक्षिण कोरियातल्या पांग्योत एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. वय ३६. गेलं वर्षभर दोन घास खाल्ले तरी पोट गच्च होतं, दुपारी जडपणा, रात्री ढेकर. एंडोस्कोपी झाली, त्यात काही निघालं नाही. थायरॉइडची गोळी रोज चालू आहे आणि वर्षभरात पाच किलो वजन वाढलंय. इथले सहकारी हानुईवॉनमध्ये, म्हणजे कोरियन पारंपरिक औषधांच्या दवाखान्यात, जायला सांगतात. पण सकाळी नऊपासून मी ऑफिसात असते आणि रात्री भारताशी कॉल असतात. मैत्रिणीने एक नंबर दिलाय. तिथे फोनवर दहा मिनिटं बोललं की वजन उतरवायचं औषध घरपोच येतं. पोट आणि वजन, दोन्हीसाठी हेच घेऊ का? मी शाकाहारी आहे. आणि नाशिकला आईचे गुडघे दुखतात. तिलाही व्हिडिओवर दाखवता येईल का?
— एक वाचक, दक्षिण कोरिया

उत्तर: तो नंबर वापरू नका. फोनवरचा सल्ला म्हणून सरसकट वाईट नाही, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे. पण तुमची थायरॉइडची गोळी आणि वजनाचं ते औषध एकत्र येणं धोक्याचं आहे.

कोरियात वजन उतरवण्यासाठी जे हान्याक, म्हणजे वनस्पतींचे काढे किंवा गोळ्या, दिले जातात त्यांतल्या बहुतेकांचा कणा ‘माह्वांग’ असतो. ही इफेड्रा वनस्पती. तिच्यातल्या इफेड्रीनमुळे भूक मरते आणि नाडी व रक्तदाब वाढतात. अमेरिकेने २००४ मध्ये इफेड्रा असलेल्या पूरक आहारांवर बंदी घातली. कोरियात हानुईसा, म्हणजे तिथले परवानाधारक पारंपरिक डॉक्टर, ते कायदेशीरपणे लिहून देऊ शकतात. धडधाकट माणसाला, तपासून, मोजक्या मात्रेत देणं ही एक गोष्ट झाली. तुम्ही थायरॉइडची गोळी, म्हणजे थायरॉक्सिन, घेता. त्यावर इफेड्रीन चढलं की हृदयावर दुहेरी ताण येतो. छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं ही थायरॉक्सिन जास्त झाल्याचीही लक्षणं आहेत आणि माह्वांगचीही. मग त्रास नेमका कशाचा, हे तुम्हालाही कळणार नाही आणि थायरॉइडच्या डॉक्टरांनाही. शिवाय माह्वांगने तोंड कोरडं पडतं, मळमळ होते, शौचाला घट्ट होतं. तुमचं पोट आधीच जड; त्यात ही भर कशाला? वाढलेल्या वजनासाठी आधी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्तचाचणी, करून घ्या. गोळीची मात्रा कमी पडत असेल तर वजन आणि सुस्ती दोन्हींचं कारण तिथेच सापडेल.

दुसरी बाजू कायद्याची. रुग्णाला न बघता फोनवर विचारपूस करून औषध कुरियरने पाठवणाऱ्या एका हानुईसाची शिक्षा कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये कायम केली. त्याच वर्षी साथीमुळे फोनवरच्या सल्ल्याला तात्पुरती परवानगी मिळाली होती. पुढे जून २०२३ पासून दूरस्थ सल्ल्याची सरकारी प्रायोगिक योजना सुरू झाली. तिच्यात भर होता आधी त्या दवाखान्यात तपासून गेलेल्या रुग्णांवर. फेब्रुवारी २०२४ मध्ये डॉक्टरांच्या आंदोलनाच्या काळात दारं बरीच उघडली गेली. नियम असे सैल-घट्ट होत राहतात, म्हणून वेळ ठरवताना ‘दूरस्थ सल्ला आता कोणाला देता?’ हे दवाखान्याला विचारा. त्या वेळी नियम काहीही असो, एकदा समोर जाऊन तपासून घ्या आणि पुढचा पाठपुरावा फोनवर करा. तुमच्यासारख्यांना हेच सोयीचं पडतं आणि सुरक्षितही.

पहिल्या भेटीचा आग्रह का? कोरियन पद्धतीत तपासणीचे चार भाग आहेत: बघणं, ऐकणं आणि वास घेणं, विचारणं, हाताने चाचपणं. आयुर्वेदातलं दर्शन, स्पर्शन, प्रश्न तुम्हाला माहीत असेलच. मांडणी त्याच्या जवळची आहे. फोनवर विचारणं पूर्ण होतं, व्हिडिओवर बघणं अर्धंमुर्धं होतं आणि चाचपणं शून्य. नेमक्या पोटाच्या तक्रारीत चाचपण्याला फार वजन आहे. पाठीवर झोपवून, गुडघे वाकवून, छातीच्या हाडाचं टोक आणि बेंबी यांच्या मधोमध हानुईसा बोटांनी दाबतात. तिथे कडक लागतं की मऊ, दुखतं की नुसतं भरल्यासारखं वाटतं, आत पाणी डुचमळल्याचा आवाज येतो का, बेंबीखाली हात गार लागतो का, यावरून एकाच ‘पोट जड’ या तक्रारीला वेगवेगळी औषधं निघतात. मनगटावरची नाडी याच्या जोडीला. हे एकदा नीट नोंदवलेलं असलं की पुढे फोनवर ‘मागच्यापेक्षा काय बदललं’ एवढंच बघायचं उरतं.

वेळेची अडचण वाटते तेवढी मोठी नाही. बरेच हानुईवॉन आठवड्यातून एक-दोन दिवस ‘यागान जिल्ल्यो’ ठेवतात, म्हणजे रात्री आठ-नऊपर्यंत दवाखाना चालू. शनिवारी सकाळीही बहुतेक उघडे असतात. दुपारी जेवणाची सुट्टी असते, बहुधा एक ते दोन. ऑफिसच्या जेवणाच्या वेळेत धावत जाल तर दार बंद मिळेल. ‘नेव्हर’ या कोरियन नकाशा ॲपवर वेळा दिलेल्या असतात आणि अनेक ठिकाणी काकाओटॉक या संदेशांच्या ॲपवरच वेळ ठरवता येते. पहिल्या भेटीसाठी तासभर हाताशी ठेवा. सोबत परदेशी नागरिक नोंदणी कार्ड न्या; २० मे २०२४ पासून विम्याखाली उपचार घेताना ओळख पटवणं सक्तीचं आहे. एंडोस्कोपीचा अहवाल, शेवटची टीएसएच आणि चालू गोळ्यांचे फोटोही न्या.

दवाखाना निवडताना पाटीवर ‘हानुईवॉन’ किंवा ‘हानबांग ब्योंगवॉन’ (पारंपरिक औषधांचं इस्पितळ) आहे ना, ते बघा. ‘कॉनगांगवॉन’ लिहिलेली दुकानं कांद्याचा रस, काळ्या बोकडाचा अर्क असलं काही उकळून पाकिटांत भरून देतात. पाकिटं दिसायला सारखीच, पण तिथे डॉक्टर नसतो. हानुईसा सहा वर्षांचं शिक्षण आणि राष्ट्रीय परीक्षा करून येतात. त्यापुढे चार वर्षं प्रशिक्षण घेतलेले विशेषज्ञ आठ शाखांत असतात. तुमच्यासाठी हानबांगची अंतर्गत औषध शाखा. साधा अनुभवी हानुईसाही पुरेल, विशेषज्ञासाठी अडून बसू नका.

पैशांचं आधीच विचारून घ्या, इथे माणसं हकनाक जास्त मोजतात. सुई, शेक, कपिंग राष्ट्रीय आरोग्य विम्यात येतात. ५६ ठरावीक औषधांच्या तयार भुकट्याही विम्यात येतात आणि अगदी स्वस्त पडतात. अपचनावर पहिला प्रयोग म्हणून अनेकदा त्या पुरतात. खास तुमच्यासाठी उकळलेला काढा, ज्याला ‘चॉप्याक’ म्हणतात, तो एरवी विम्याबाहेर असतो आणि दहा-पंधरा दिवसांचे दोन ते चार लाख वॉन सहज होतात. मात्र काढ्यांच्या विम्याची एक वेगळी प्रायोगिक योजना आहे; तिच्या एप्रिल २०२४ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात सहा आजारांच्या काढ्याला विमा लागू आहे आणि त्यात कार्यात्मक अपचन आहे, म्हणजे एंडोस्कोपीत काही न सापडणारं तुमच्यासारखं अपचन. उरलेले पाच म्हणजे चेहऱ्याचा लकवा, पक्षाघातानंतरचे त्रास, पाळीतलं दुखणं, अ‍ॅलर्जीची सर्दी आणि कमरेची सरकलेली चकती. हानुईवॉनमध्ये खर्चाचा ३० टक्के वाटा रुग्णाचा. दहा दिवसांच्या काढ्याला साधारण ४० ते ८० हजार वॉन. एका आजारासाठी वर्षाला २० दिवस ही मर्यादा आहे. योजनेत भाग घेणाऱ्या दवाखान्यातच हे मिळतं, म्हणून वेळ घेतानाच विचारा. दवाखान्यात पोचल्यावर विचारलंत तर उशीर झालेला असतो.

आता शाकाहार. हे तुम्ही स्वतःहून सांगितलं नाहीत तर कोणी विचारणार नाही. अपचनाच्या काढ्यांत पुष्कळदा सगळं ओळखीचंच असतं: सुंठ, वाळवलेली संत्र्याची साल, ज्येष्ठमध, बोराच्या जातीचं वाळवलेलं फळ. पण पचनासाठीच वापरलं जाणारं ‘क्येनेगूम’ म्हणजे कोंबडीच्या पोटाचं आतलं अस्तर. आम्लपित्तावर ‘मोर्यो’ म्हणजे कालवाचं शिंपलं येऊ शकतं, किंवा माकुळाच्या जातीतल्या माशाचं हाड. ताकदीच्या औषधात ‘नोग्योंग’, हरणाचं कोवळं शिंग. आणि परीक्षेच्या किंवा प्रेझेंटेशनच्या आधी सहकारी सहज पुढे करतात ते ‘उह्वांग छोंगसिमवॉन’, त्यात गोरोचन असतं. ‘तोंगमुलसॉंग याकजे प्पे जुसेयो’, म्हणजे प्राणिज द्रव्यं वगळा, हे वाक्य कोरियनमध्ये लिहून फोनमध्ये ठेवा आणि समोर धरा. तोंडी ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं तर ऐकणारा जेवणापुरतं समजतो.

निघण्यापूर्वी औषधातल्या द्रव्यांची यादी मागा: ‘छोबांग नेयॉक’. ती मिळाल्याशिवाय काढा घेऊ नका, यात संकोच नको. यादीत माह्वांग आहे का ते बघा. तो वजनाच्याच औषधात असतो असं नाही. ओजॉकसान, काल्गुनतांग, सोछोंगन्योंगतांग या नेहमीच्या विम्याच्या भुकट्यांतही असतो आणि यांतलं ओजॉकसान पोटासाठीही देतात. ‘कामचो’ म्हणजे ज्येष्ठमध जवळपास प्रत्येक औषधात असतो. थोडा चालतो, पण औषध अनेक आठवडे चाललं तर रक्तदाब वाढतो, पोटॅशियम उतरतं, घोट्यांवर सूज येते. घरी रक्तदाबाचं यंत्र असू द्या. तीच यादी तुमच्या थायरॉइडच्या डॉक्टरांना दाखवा.

यानंतर फोनची पाळी. हा सल्ला फार तर पाच-दहा मिनिटांचा असतो, दोन रुग्णांच्या मध्ये बसवलेला. तुम्ही पुरवलेली माहिती चांगली असेल तरच तो कामाचा. आदल्या दिवशी काकाओवर एक छोटा संदेश पाठवा. भाषांतर ॲपने करणार असाल तर एका ओळीत एकच गोष्ट आणि आकडे आकड्यांतच लिहा. काढा किती दिवस घेतला, किती पाकिटं चुकली. जेवणानंतर जडपणा किती वेळ टिकतो: आधी ३ तास, आता १ तास. शौच दिवसातून किती वेळा, घट्ट की पातळ. झोप किती तास. पाळीची तारीख. सकाळचा रक्तदाब आणि नाडी, पाच मिनिटं स्वस्थ बसल्यावर, मिनिटभराच्या अंतराने दोनदा. नवीन काही सुरू केलं असेल तर ते, अगदी लोहाची गोळीसुद्धा. ‘थोडं बरं आहे’ एवढ्यावर कोणताही डॉक्टर औषध बदलू शकत नाही.

बोलताना शब्द अडतात ते नेमके पोटाचे. हे चार पाठ करून टाका: जडपणा, भरल्यासारखं वाटणं ‘तोबुरुक्खेयो’, जळजळ ‘सोगी स्सुर्योयो’, मळमळ ‘मेसुक्कॉवॉयो’, खाल्लेलं अडकून बसल्यासारखं ‘छेहेस्सॉयो’. जडपणाच्या जागी जळजळ सांगितलीत तर औषधाची दिशाच बदलेल.

जिभेचा फोटो हा दूरस्थ तपासणीतला सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात जास्त बिघडणारा भाग. सकाळी उठल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, दात घासण्याआधी काढा. जीभ खरवडायची आपली सवय असते. त्या दिवशी खरवडू नका, कारण जिभेवरचा थरच बघायचा असतो. खिडकीजवळ उभ्या राहा, दिवे आणि फ्लॅश बंद. पिवळ्या दिव्याखाली प्रत्येक जीभ पिवळीच दिसते. कॅमेऱ्याच्या काही ॲपमध्ये चेहरा उजळणारं फिल्टर आपोआप चालू असतं. त्याने जिभेचा फिकटपणा आणि कडांवरचे दातांचे ठसे दोन्ही पुसले जातात. साधा कॅमेरा वापरा आणि हनुवटीखाली पांढरा कागद धरा, म्हणजे रंग किती बदललाय ते बघणाऱ्याला कळतं. जीभ सैल सोडून बाहेर काढा, ताणू नका. चार-पाच सेकंदांत फोटो झाला पाहिजे, जास्त वेळ बाहेर राहिली की ती जांभळट होत जाते. मग जीभ टाळूला लावून खालच्या शिरांचा एक. कॉफी, हळदीची भाजी, बीट यांच्यानंतर काढलेला फोटो पाठवूच नका. दर वेळी तीच खिडकी, तीच वेळ ठेवलीत तर दोन आठवड्यांचे फोटो शेजारी ठेवून तुलना करता येते.

फोन ऑफिसच्या लॉबीत घेऊ नका. शौच, पाळी, झोप यांबद्दल तिथे कोणीच नीट बोलत नाही आणि मग तेच राहून जातं. मीटिंगची छोटी खोली पंधरा मिनिटांसाठी आधीच अडवून ठेवा. दवाखान्याचा फोन ठरल्या वेळेच्या थोडा मागेपुढे येतो. दूरस्थ सल्ल्याच्या प्रायोगिक योजनेत दवाखान्याला त्याचं वेगळं शुल्क मिळतं, त्यामुळे हा सल्ला भेटीपेक्षा स्वस्त पडेल अशी अपेक्षा ठेवू नका.

काढा घरी आल्यावर. बहुधा शंभर-सव्वाशे मिलिलीटरची पाकिटं असतात, दिवसाला दोन किंवा तीन. इमारतीच्या पार्सलच्या कपाटात उन्हाळ्यात दोन दिवस पडून राहू देऊ नका. त्याच दिवशी फ्रिजमध्ये टाका. फुगलेलं पाकीट म्हणजे आत आंबलंय, ते फेकून द्या. गरम करायला पाकीट मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, कित्येक पाकिटांत धातूचा थर असतो. ऑफिसातल्या पाण्याच्या यंत्राचं गरम पाणी मगात घेऊन पाकीट पाच मिनिटं त्यात उभं करा, मग कात्रीने कापून कपात ओता. थायरॉक्सिन सकाळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर, नेहमीसारखंच. काढा त्यानंतर किमान चार तासांनी. म्हणजे तुमच्यासाठी दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर. दोन पाकिटं राहिली म्हणून एकदम दोन घेऊ नका. पहिलं पाकीट शुक्रवारी रात्री किंवा शनिवारी घ्या, रिलीजच्या आदल्या रात्री नव्हे. पोट बिघडलं तर घरी असलेलं बरं. सहा ते आठ आठवडे औषध चाललं तर टीएसएच पुन्हा करा आणि यकृताची तपासणीही.

त्रास झाला तर काय? पातळ शौच एक-दोनदा झाली तर मात्रा अर्धी करून दवाखान्याला कळवा. पुरळ, धडधड, झोप उडणं, पायांना सूज यांपैकी काही आलं तर काढा लगेच थांबवून कळवा. इथे एक शब्द ऐकू येईल, ‘म्योंगह्यॉन’: औषध लागू पडतंय म्हणून आधी त्रास वाढतो, असा त्याचा अर्थ सांगतात. हे कारण मान्य करू नका. त्रास म्हणजे त्रास; औषध थांबवून तो जातो का हे बघण्यातच शहाणपण आहे. लघवी गडद, डोळे पिवळे, अंगाला खाज, भूक पार गेलेली, असं दिसलं तर यकृताकडे लक्ष हवं. त्याच दिवशी इस्पितळात जाऊन रक्त तपासा आणि द्रव्यांची यादी सोबत न्या.

काही गोष्टी फोनवर न्यायच्याच नाहीत. काळी शौच, गिळताना अडकणं, पुन्हा पुन्हा उलटी, कारणाशिवाय वजन उतरणं, यांसाठी पोटाचे डॉक्टर, हानुईवॉन नव्हे. एंडोस्कोपी एकदा झाली म्हणून पुढे कधीच नको असंही नाही. कोरियात चाळिशीपासून दर दोन वर्षांनी जठराच्या कर्करोगाची तपासणी आरोग्य विम्यामार्फत होते, ती चुकवू नका. तोंड अचानक एका बाजूला वाकडं झालं, हातापायातली शक्ती गेली, बोलणं अडखळलं, तर ११९ या रुग्णवाहिकेच्या क्रमांकावर फोन करा. चेहऱ्याच्या लकव्यावर कोरियात बरेच जण थेट सुया घ्यायला जातात. पण स्टेरॉइडचा फायदा पहिल्या ७२ तासांत असतो, म्हणून आधी न्यूरोलॉजी किंवा कान-नाक-घसा आणि मग सुया. भाषेची अडचण आली तर परदेशी नागरिकांसाठीच्या १३४५ या क्रमांकावर दुभाषी मदत मिळते.

आईबद्दल: नको. गुडघा हाताने वाकवून, दाबून, चालताना बघावा लागतो आणि बहुधा एक्स-रे लागतो. कोरियन उपचारात गुडघ्यासाठी मुख्य भर सुया आणि हाताच्या उपचारांवर असतो, ते व्हिडिओवरून होत नाही. उरतो काढा. तो नाशिकला पार्सलने जाणार, कस्टममध्ये अडकू शकणार, आणि त्रास झाला तर तिथल्या डॉक्टरांपुढे कोरियन अक्षरांतलं पाकीट. शिवाय हानबांग ही भारतात आयुषखाली मान्य असलेली पद्धत नाही, त्यामुळे दाद मागायलाही जागा नाही. त्यांना तिथल्याच अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून एकदा समोर शिकून घेऊ द्या. पुढे त्या व्यायामाचा पाठपुरावा तुम्ही व्हिडिओवर घेऊ शकता आणि त्याचा खराच उपयोग होतो. त्या तुमच्याकडे राहायला आल्या आणि हानुईवॉनमध्ये न्यायचं ठरवलंत, तर ‘पोंगछिम’, म्हणजे मधमाशीच्या विषाची टोचणी, त्वचेवर चाचणी केल्याशिवाय घेऊ देऊ नका. तीव्र अ‍ॅलर्जी जिवावर बेतते. त्यांचा इथे विमा नसेल, तेव्हा पूर्ण खर्च आधी विचारा.

सुट्टीला घरी येताना कस्तुरी किंवा हरणाचं शिंग असलेल्या सोनेरी वर्खाच्या गोळ्या भेट म्हणून आणू नका. कस्तुरीवर वन्यजीवांच्या व्यापाराचे निर्बंध आहेत आणि माह्वांगमधल्या इफेड्रीनवर भारतात नियंत्रण आहे. स्वतःचं औषध तेवढ्याच दिवसांपुरतं आणा. काढ्याऐवजी भुकटी मागून घ्या, मूळ वेष्टणात ठेवा आणि दवाखान्याच्या शिक्क्याची, इंग्रजीत नावं असलेली द्रव्यांची यादी सोबत असू द्या. ती तयार करायला दवाखान्याला वेळ लागतो, म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी सांगा.